नवमीच्या पाटावर गमबूट

म्हैसुराहून धरणाकडे जाणारा रस्ता बेळगोळच्या कारखान्यांमधून जातो. त्या रस्त्यावर सूत कातणाऱ्या एका जुन्या कारखान्याच्या फाटकाच्या आत, हिरवळीच्या कडेला पत्र्याची एक खोली आहे. खोलीला दार एक, खिडकी एक आणि किल्लीही एकच. ती किल्ली बावीस वर्षं पुष्पावतीच्या कमरेला होती, आणि त्या बावीस वर्षांत त्या खोलीतून बाहेर गेलेलं एकही यंत्र तिच्या नजरेखालून गेल्यावाचून गेलं नाही. फक्त एक वर्ष सोडून. त्या एका वर्षाची ही गोष्ट आहे.

सकाळी सात वाजता त्या दाराशी माणसं उभी राहत. माळी असत, फिटर असत, सुतार असत. कुणाला भोकं पाडायचं ड्रिल हवं असे, कुणाला लोखंड कापायचा ग्राइंडर, कुणाला कुंपण छाटायची विजेची कात्री. माळ्यांना हवं असे ट्रिमर, म्हणजे लांब दांड्याचं, नायलॉनची दोरी गरगर फिरवून गवत कापणारं यंत्र. पुष्पावती दारात उभी राही. उंच, सावळी बाई. साध्या सुती पातळावर खाकी कोट, पदर कोटाच्या आत खोचलेला, मंगळसूत्रही आत. केसांत मात्र अबोलीचा गजरा, कारण गजरा कुठल्या चाकात अडकत नाही.

"हात," ती म्हणे.

माणूस हात पुढे करी. ते ओले असले, तर दाराच्या खिळ्याला टांगलेल्या पंच्याकडे ती नुसती हनुवटी वर करी. हात पुसून झाले की म्हणे, "पाय."

पायांत बूट असले तर यंत्र मिळे. चप्पल असली तर मिळत नसे. बस, एवढंच. ती ओरडत नसे, समजावत नसे, वरिष्ठाकडे तक्रारही करत नसे.

"अक्का, मुलगी बघायला आल्यासारखं करता तुम्ही," एकदा शेषगिरी नावाचा फिटर कुरकुरला.

"मुलगी एकदा बघितली की झालं. तुला रोज बघते, तरी तू रोज नापास," पुष्पावती म्हणाली, आणि त्याच्या चपलांकडे बघून तिनं ग्राइंडर पुन्हा फळीवर ठेवला. रांगेतली माणसं हसली. शेषगिरी घरी जाऊन बूट घालून आला.

हे हात बघणं ती कारखान्यात शिकली नव्हती. ते तिच्या घरातलं होतं.

पुष्पावतीचं घराणं रंगाऱ्यांचं. कितीतरी पिढ्यांपूर्वी मराठी बोलत म्हैसुरात आलेलं आणि मग इथलंच होऊन गेलेलं. घरात हिंगलाजमातेची तसबीर, तोंडात अर्धी मराठी आणि अर्धी कन्नड, आणि घरामागं छापकामाची शेड. शेडमध्ये लांबच लांब टेबल, त्यावर ताणलेलं कापड, आणि भिंतीला लावलेले शिसवी लाकडाचे ठसे: आंबे, वेली, मोर, काठाच्या नक्ष्या. तिचे वडील गठ्ठे घेऊन बाजार फिरत. शेड चालवत होते वडिलांचे धाकटे भाऊ, गुंडुरावकाका.

काकांनी तिला नवव्या वर्षी ठसा धरायला शिकवला. पहिले सहा महिने चांगल्या कापडाला हातसुद्धा लावू दिला नाही. चिंध्यांवर छापायचं, चिंध्यांवरच चुकायचं. "छाप मारायच्या आधी कापडावरून तळवा फिरव," ते म्हणत. "कापडाखाली काडी असली, खडा असला, तर ठशाचा दात तुटतो. डोळ्याला खडा दिसत नाही ग पुष्पे, तळव्याला दिसतो." मग ते ठसा ठेवत, मुठीनं दोनदा ठोकत, उचलत, आणि पुढचा ठसा आधीच्याला असा जोडत की सांधा शोधूनही सापडत नसे. साडीचा काठ काकांनीच छापायचा, असा शेडचा रिवाज होता. मधल्या बुट्ट्या कुणीही छापाव्यात. काठ म्हणजे गुंडुरावकाका.

शेडचा आणखी एक रिवाज होता. आत पायताण आणायचं नाही. "ठसा हे आपलं आयुध. आयुधापुढं पायताण घालून उभं राहायचं म्हणजे देवघरात जोडे घालून जायचं." शेडच्या उंबऱ्याबाहेर सगळ्यांच्या चपला ओळीनं पडलेल्या असत. आत सगळी अनवाणी माणसं, हात कोपरापर्यंत रंगानं ओले, आणि टेबलावर ठोकण्याचा तो दुहेरी आवाज. पुष्पावतीचं बालपण त्या आवाजात गेलं.

गिरणीतलं छापील कापड स्वस्तात मिळू लागलं, आणि ती शेड बंद पडली. रडारड कुणी केली नाही. ठसे पेटीत गेले, पेटी माळ्यावर गेली. पुष्पावती दहावी शिकली होती, ती बेळगोळला सुताच्या कारखान्यात लागली. आधी तुटका धागा गोळा करायच्या कामावर, मग कोठीवर, आणि एक्याण्णव साली कारखान्यानं विजेची हत्यारं घेतली तेव्हा त्या खोलीवर. बाईमाणसाच्या हाती यंत्रांची खोली दिल्याबद्दल लोक बोलले. ती बोलली नाही. तिनं प्रत्येक यंत्र उघडून बघितलं, सोबत आलेली पुस्तिका शब्दकोश घेऊन वाचली, आणि जे अडलं ते फिटरांना विचारलं.

तरी ती एकदा चुकलीच. ट्रिमरची दोरी संपली होती, नवी भरायची होती. विजेची पिन भिंतीत तशीच. "क्षणाचं तर काम," म्हणून तिनं यंत्र मांडीवर घेतलं, दोरीची चकती उघडली आणि तिच्याच कोपरानं खटका दाबला गेला. डाव्या हाताच्या तर्जनीचं नख गेलं. नख पुन्हा आलं, पण दुभंगलेलं. त्या दिवसापासून ती चकतीला हात लावायच्या आधी पिन भिंतीतून काढी आणि काढलेली पिन स्वतःच्या कोटाच्या खिशात ठेवी. पिन माझ्या खिशात आहे म्हणजे यंत्र झोपलं आहे. हे ती प्रत्येकाला शिकवी, आणि शिकवताना नख दाखवी. लाजत नसे.

बाकीचं शिकवणं काकांच्या शेडमधून आलेलं. हिरवळ म्हणजे ताणलेलं कापड. यंत्र चालू करायच्या आधी माळ्यानं सगळ्या हिरवळीवरून चालत जायचं, खडे, तारेचे तुकडे, बाटल्यांची झाकणं वेचायची. दोरी गवत कापते, पण खडा मात्र गोफणीसारखा फेकते. हे चालणं सातला सुरू होई, आणि दंव वाळेपर्यंत, म्हणजे नऊपर्यंत, चाले. ओल्या गवतावर विजेचं यंत्र न्यायचं नाही. केबल खांद्यावरून मागं सोडायची, कापत पुढं जायचं, केबलकडे कापत यायचं नाही. भिंतीवर एक खटका होता, वीज कुठं गळली की आपोआप पडणारा. दर सोमवारी त्याचं चाचणीचं बटण दाबून तो पडतो की नाही हे ती बघे. एकदा तो पडला नाही. त्या दिवशी साहेबांची सभा हिरवळीवर होती, तरी गवत तसंच राहिलं. सभा गुडघाभर गवतात झाली असं लोक अजून सांगतात. गुडघाभर नव्हतं. वीतभर असेल.

अशा बाईच्या खोलीवर, दोन हजार सहा साली, गुंडुरावकाका कामाला आले.

शेड बंद झाल्यावर काकांनी बरंच काही करून पाहिलं होतं. कापडाच्या दुकानात उभे राहिले, देवळात फुलांचा हिशोब ठेवला. कशातच हात रमला नाही. एकसष्टाव्या वर्षी पुष्पावतीनं शब्द टाकून त्यांना बागेत रोजावर घेतलं. खुरपं दिलं, ते त्यांनी मुकाट्यानं चालवलं. एक दिवस एक माळी आजारी पडला आणि काकांनी ट्रिमर हाती घेतलं.

पहिले आठ दिवस पुष्पावतीनं त्यांना कारखान्याच्या कुंपणापलीकडच्या रानगवतावर कापायला लावलं. "चिंधी दिलीस मला," काका हसून म्हणाले. "सहा महिने नाही दिली, काका. आठच दिवस," ती म्हणाली. मग तिनं त्यांना मुख्य फाटकाजवळची हिरवळ दिली.

तिथं कर्दळीचे लांब वाफे होते, कडेला दगडांची ओळ, आणि त्यापुढं गवत. काकांनी त्या कडेनं ट्रिमर फिरवलं आणि संध्याकाळी घरी जाणारे कामगार फाटकाशी थांबले. गवताला काठ आला होता. साडीचा काठ जसा सरळ जाता जाता एका ठिकाणी कोयरी घेतो आणि पुन्हा सरळ होतो, तसा. सांधा कुठंच नाही. काका बाजूला उभे होते, कपाळावर घाम, ओठांत हसू. पंचवीस वर्षांनी त्यांच्या हाताला पुन्हा काठ मिळाला होता.

आणि ते अनवाणी होते.

यंत्र हे आयुध. दर वर्षी खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, त्याची पूजा होते, त्याला हळद-कुंकू लागतं. मग त्यापुढं पायताण कसं घालायचं? काका यंत्राच्या खोलीशी येत, चपला उंबऱ्याबाहेर काढत, ट्रिमरला हात लावून तो हात डोळ्यांना लावत, आणि तसेच अनवाणी हिरवळीवर जात.

पुष्पावती दारात उभी असे. "हात," ती म्हणे. काका हात दाखवत, कोरडे. आणि मग ती पुढचा शब्द गिळून ट्रिमर त्यांच्या हाती देई. ज्यांनी ठसा धरायला शिकवलं, त्यांना "पाय" कसं म्हणायचं? रांगेतल्या कुणी काही म्हटलं नाही. अक्काचे काका आहेत, एवढं सगळ्यांना कळत होतं. असं एक वर्ष गेलं.

दुसऱ्या वर्षी भाद्रपदात काका लंगडताना दिसले.

"काका, पायाला काय झालं?"

"काटा मोडला."

"काटा तळव्याला मोडतो. फडकं घोट्याला आहे."

"मग वाट चुकून वर आला असेल. सुम्मने कशाला विचारतेस?"

उगीच विचारत नव्हती ती. तिनं त्यांना खोलीतल्या स्टुलावर बसवलं आणि फडकं सोडलं. हळदीखाली घोट्याच्या हाडाशी खोल खोक होती. वाफ्याच्या दगडाचा कपचा उडून लागला होता. तीन दिवस झाले होते, आणि तीन दिवस काकांनी त्या पायावर काठ कापले होते. बोटभर मागं लागता तर टाचेची शीर तुटती. पुष्पावतीनं ती जखम बघितली आणि तिला वाटलं, हा कपचा मीच मारला आहे. वर्षभर रोज सकाळी थोडा थोडा.

तिनं त्यांना कारखान्याच्या दवाखान्यात नेऊन टाके घालून आणले. बागेवर देखरेख करणारा पद्मनाभ तिथं भेटला. मऊ स्वभावाचा माणूस. तो हळूच म्हणाला, "अक्का, कागदावर घेऊ नका. म्हातारे आहेत. मी बघितलं नाही, तुम्ही पण बघितलं नाही."

"मी वर्षभर बघितलं नाही, पद्मनाभ," ती म्हणाली. "त्यापायी सहा टाके पडले. कागदावर घ्या, आणि दारात मी होते तेही लिहा."

जखम भरल्यावर काका सकाळी रांगेत येऊन उभे राहिले, नेहमीसारखे अनवाणी. पुष्पावतीनं हात बघितले. मग तिनं एक श्वास घेतला आणि म्हणाली, "पाय."

रांगेतल्या माना वळल्या. काकांना आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि त्यांचा चेहरा तांबडा झाला.

"मला विचारतेस?"

"सगळ्यांना विचारते."

"आयुधापुढं मी पायताण घालू? आपल्या वाडवडिलांनी..."

"काका, ठसा दगड फेकत नव्हता."

"यंत्र देणार की नाही, ते सांग."

"बूट घातले तर आत्ता देते. नाही घातले तर कधीच नाही. मी इथं आहे तोवर नाही."

काका म्हणाले, "ठसा धरायला तुला मी शिकवला," आणि वळले. पद्मनाभनं त्यांना पानं झाडायला खराटा दिला. काका खराटा चालवत राहिले आणि फाटकाजवळच्या हिरवळीचा काठ दिवसागणिक फिसकटत गेला. दुसरे माळी कापत होते, नीट कापत होते, पण ते नुसतं गवत कापत होते.

काका तिच्याशी बोलणं टाकून बसले. वाटेत भेटले तर कर्दळीकडे बघत. पुष्पावतीला झोप लागत होती, जेवण जात होतं, आपण बरोबर आहोत याबद्दल तिला तिळभर शंका नव्हती. पण तिला माहीत होतं की एवढ्यानं भागत नाही. यंत्र काढून घेणं सोपं होतं. काकांचा हात रिकामा राहिला तर तो माणूस वाळून जाईल, हेही तिला तितकंच माहीत होतं. पाय वाचवायचे आणि हातही. दोन्ही.

आठ-दहा दिवसांनी काकू आली. गंगाबाई, काकांची बायको. माहेर बेट्टदपुरचं, डोंगराच्या पायथ्याचं. त्या गावच्या बायका लहानपणापासून पायऱ्या चढतात, म्हणून त्यांना धाप लागत नाही आणि बोलताना थांबायची गरज पडत नाही. ती खोलीत शिरली ती बोलतच.

"अय्यो पुष्पे, एकदा ते यंत्र दे ग त्यांना, नाहीतर मला तुझ्या घरी ठेवून घे. काल पोळी वाढली तर ताट सरकवलं. का, तर पोळीचा काठ वाकडा! चाळीस वर्षं हीच पोळी खाल्ली. परवा माझ्या पातळाच्या निऱ्या मोजत बसले होते. बाईमाणसानं जगायचं कसं?"

पुष्पावती हसली. खूप दिवसांनी हसली. मग तिनं काकूला चहा दिला आणि विचारलं, "काकू, तू लग्न होऊन आलीस तेव्हा कापड रंगवायचे निळीचे हौद चालू होते ना? मला ते आठवत नाहीत. तिथं सगळे अनवाणीच असत?"

"निळीच्या हौदाशी अनवाणी? तिथं चुना असायचा, बाई. पाय जळून निघाले असते. मामंजी लाकडाच्या खडावा घालून उभे राहायचे. चांगल्या जाड, उंच. आहेत की अजून, देव्हाऱ्याखाली. पादुका म्हणून ह्यांनीच ठेवल्यात, रोज फूल वाहतात."

पुष्पावतीनं कप खाली ठेवला. त्या पादुका तिनं जन्मभर बघितल्या होत्या. लहानपणी त्यांना नमस्कारही केला होता. त्या कशासाठी केल्या होत्या, हे कधी विचारलं नव्हतं.

"काकू," ती म्हणाली, "नवमीला त्या घेऊन येशील?"

गंगाबाईनं तिच्याकडे बघितलं. मग भिंतीशी ठेवलेल्या नव्या काळ्या गमबुटांच्या जोडीकडे बघितलं. तिला सगळं एकदम कळलं, आणि ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की चहा सांडला.

नवमीच्या दिवशी म्हैसूर सगळं हत्यारांपुढं हात जोडून उभं असतं. रिक्षांना केळीचे खुंट, टाइपरायटरला कुंकू, न्हाव्याच्या कात्रीला शेवंती. कारखान्यातही प्रत्येक खात्याची आपली पूजा. यंत्रांच्या खोलीची पूजा पुष्पावती स्वतः मांडी, हिंगलाजमातेची घरची तसबीर मधोमध ठेवून, आणि तिथंही तिची शिस्त. सगळ्या पिना भिंतीतून काढलेल्या, एका तबकात ठेवलेल्या. हार दांड्याला घालायचा, खटक्यावर नाही, नाहीतर दोऱ्यानं खटका दाबलेला राहतो आणि उद्या पिन लावल्याबरोबर यंत्र आपणहून धावतं. पाणी शिंपडायचं नाही. फूल पाण्यात बुडवून वरच्या वर दाखवायचं. मोटारीला कुंकू नाही, दांड्याला कुंकू. देवाला राग येत नाही, मोटारीला येतो, असं ती म्हणे.

त्या वर्षी पाटावर ड्रिल होतं, ग्राइंडर होता, कुंपणाची कात्री होती, दोन ट्रिमर होते. आणि ट्रिमरच्या शेजारी, त्याच पाटावर, काळ्या रबराचे गमबूट. धुतलेले, पुसलेले, टोकांवर हळदीकुंकवाची बोटं ओढलेले. बाजूला डोळ्यांवर लावायचे पारदर्शक चष्मे आणि हातमोजे, त्यांच्यावरही फुलं.

माणसं आली आणि थबकली. शेषगिरीनं "हे काय, अक्का?" म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं, कारण मागून गुंडुरावकाका येत होते. वर्षाची पूजा कुणी टाळत नाही, रुसलेला माणूससुद्धा.

काकांनी पाटाकडे बघितलं. त्यांचे जोडलेले हात खाली आले.

"पायताण," ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "नवमीच्या पाटावर पायताण ठेवलंस? पुष्पे, तुझी मती फिरली? पद्मनाभ, तुम्ही तरी बघा, नोडी हे!"

पद्मनाभ छताकडे बघू लागला.

"काका, ज्यानं काम होतं ते आयुध," पुष्पावती म्हणाली. "तुम्हीच सांगितलंत. ह्यांच्याशिवाय इथं गवत कापलं जात नाही. म्हणजे हेही आयुध."

"तोंड आहे म्हणून काहीही बोलू नकोस. आपल्या घराण्यात कधी कुणी..."

"साकु," गंगाबाई म्हणाली. पुरे. ती काकांच्या मागून पुढं आली, पिशवीतून लाल फडक्याची पुरचुंडी काढली आणि पाटापुढं सोडली. आत खडावा होत्या. लाकूड काळं पडलेलं, कडा झिजलेल्या, आणि तळाशी, पुसूनही न गेलेला, चुन्याचा पांढरा थर.

काका चमकले. "वडिलांच्या पादुका! त्या इथं कशाला आणल्यास?"

"पादुका ते गेल्यावर झाल्या," गंगाबाई म्हणाली. "ते होते तेव्हा ही हौदावरची पायताणं होती. मी स्वतः धुतलीत. नवमीला ती ठशांच्या शेजारी पाटावर असायची, आणि तुम्हीच त्यांना कुंकू लावायचात. लावायचात की नाही? हिंगलाजमातेपुढं उभे आहात, खोटं बोलू नका."

बाहेर कुणीतरी कोहळा फोडला, त्याचा धप्प आवाज आला. काका खाली बसले. त्यांनी एक खडाव उचलली, उलटी केली आणि तळाच्या चुन्यावरून तळवा फिरवला, कापडावरून फिरवायचे तसा. हळू, खडा शोधल्यासारखा. बराच वेळ.

"जड होत्या," ते शेवटी म्हणाले. "चालताना आवाज यायचा. आम्ही पोरं ओळखायचो, आप्पा हौदाकडे निघाले म्हणून." मग त्यांनी खडाव ट्रिमर आणि गमबुटांच्या मध्ये पाटावर ठेवली, दुसरीही ठेवली, तबकातलं कुंकू घेतलं आणि चारी पायताणांना लावलं. गमबुटांना लावताना हात किंचित अडला. पण लावलं. चुरमुऱ्यांचा प्रसाद घेतला आणि निघून गेले.

दशमीला कारखाना बंद होता. एकादशीला सकाळी सातला पुष्पावतीनं खोली उघडली, तेव्हा रांगेत सर्वांत पुढं काका होते. अनवाणी. उंबऱ्याबाहेर चपला नीट ठेवलेल्या.

"हात," ती म्हणाली.

त्यांनी हात दाखवले. ती थांबली.

"पुढचं विचार की," काका म्हणाले.

"पाय."

"ते जोडे रस्त्यावर जाणार नाहीत," काका म्हणाले. "इथंच राहतील, फळीवर, यंत्राच्या शेजारी. दुसरा कुणी घालणार नाही. रोज संध्याकाळी मी धुऊन ठेवणार. कबूल?"

"कबूल."

पुष्पावतीनं गमबूट आणून त्यांच्यापुढं ठेवले. काका वाकले, बोटांनी त्यांना शिवले आणि बोटं डोळ्यांना लावली. सकाळी उठून जमिनीवर पाय ठेवायच्या आधी जुनी माणसं तिची क्षमा मागतात, तसं ते काहीतरी पुटपुटले. मग एक पाय आत घातला, मग दुसरा. उभे राहिले. दोन पावलं टाकली. रबराचा धप धप आवाज आला आणि त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"आता दे."

"चष्मा," पुष्पावती म्हणाली.

"अय्यो, तो पण!"

"तो पण पाटावर होता, काका!" शेषगिरी मागून ओरडला, आणि सगळी रांग हसली. काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्या काचेतून शेषगिरीकडे असं बघितलं, की तो गप्प झाला.

दंव वाळेपर्यंत काकांनी हिरवळ पायाखाली घातली, खडे वेचून खिशात भरले. नऊला त्यांनी ट्रिमर चालू केलं. तीन आठवड्यांचं फिसकटलेलं गवत होतं. ते वाफ्याच्या कडेनं निघाले, केबल खांद्यावरून मागं, दोन्ही हात दांड्यावर. पुष्पावती खोलीच्या दारातून बघत होती. अर्ध्या वाफ्यावर टक् असा आवाज आला. वाफ्याच्या ओळीतला एक कपचा उडाला होता.

काकांनी खटका सोडला, दोरी फिरायची थांबेपर्यंत उभे राहिले, मग मागं जाऊन फाटकाजवळच्या भिंतीतली पिन काढली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. खाली बघितलं. उजव्या बुटाच्या घोट्याशी रबरावर पांढरा ओरखडा उठला होता. बरोबर जुन्या जखमेवर. त्यांनी तो अंगठ्यानं पुसला, तो गेला नाही. त्यांनी मान वर करून पुष्पावतीकडे बघितलं. तीही त्यांच्याकडे बघत होती. दोघांमध्ये चाळीस पावलं होती.

मग काकांनी पिन पुन्हा भिंतीत लावली, यंत्र उचललं, आणि काठ जिथं थांबला होता तिथूनच पुढं नेला. संध्याकाळी फाटकाशी माणसं थांबली. त्यांनी खाली वाकून बघितलं, पण सांधा कुणालाच सापडला नाही.